निर्णय कोणाचा आणि केव्हा? डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या सेटिंगविषयीच्या मतभेदांचा आढावा

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेली गाडी नवसारी आणि मरोली मागे टाकून उधन्याच्या रोखाने धावू लागली, म्हणजे वाटेत सचिन नावाचे जे स्थानक लागते, त्याच्या परिसरातील औद्योगिक वसाहतीत, यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांच्या आधाराने, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली मराठी व अहिराणी बोलणारी पुष्कळ कुटुंबे गेल्या काही दशकांत स्थिरावली आहेत. या वस्तीत कॅमेऱ्याला मुख्यतः दोन प्रकारची कामे मिळतात. सुरतेच्या बाजारातील साड्यांचे कॅटलॉग काढणे हे पहिले, आणि खानदेशी लग्ने, हळदी व श्रावणातील कानबाईचा उत्सव टिपणे हे दुसरे. पहिल्या कामात गिऱ्हाईक एकच हट्ट धरते, की कापडाचा रंग जसाच्या तसा उतरला पाहिजे. दुसऱ्या कामात रंगाची फारशी फिकीर कोणी करीत नाही, पण अंतरपाट दूर झाल्याच्या क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर जे उमटले ते हातचे गेले, तर छायाचित्रकाराची कोणतीही कैफियत ऐकून घेतली जात नाही. एकच यंत्र खांद्यावर घेऊन सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याच्या सेटिंगचा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा उरत नाही, आणि म्हणूनच या विषयावरील मतमतांतरे कुठवर येऊन ठेपली आहेत याचा हिशेब मांडण्यासाठी सचिनसारखे ठिकाण मला सोयीचे वाटते.

सचिनचा आणि कॅमेऱ्याचा संबंध तसा आजचा नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेला १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारान्वये हे छोटे संस्थान मिळाले. हिंदुस्थानातील पहिली स्त्री-चित्रपटदिग्दर्शक म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या फातमा बेगमचे आणि तिच्या कन्या झुबेदा, सुलताना व शहजादी यांचे नाते याच संस्थानाच्या नवाबाशी जोडले जाते. झुबेदा पुढे १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका झाली. हा झाला विषयांतराचा मोह; मूळ मुद्द्याकडे वळतो.

पूर्वपीठिका

सिंगल लेन्स रिफ्लेक्स या लांबलचक नावाचा अर्थ इतकाच, की ज्या भिंगातून चित्र घ्यावयाचे त्याच भिंगातून येणारे दृश्य आरशाच्या साहाय्याने डोळ्यापर्यंत पोहोचवावे आणि चित्र घेण्याच्या क्षणी तो आरसा बाजूस व्हावा. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ही रचना ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्याने १९३६ मध्ये बाजारात आणली, परंतु त्यात छातीशी यंत्र धरून वरून वाकून पाहावे लागे आणि दृश्य डावे-उजवे उलट दिसे. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसमधील पंचकोनी लोलकाने ते सरळ केले. १९५४ मध्ये असाही कंपनीने चित्र घेताच आपोआप खाली परतणारा आरसा आणला. आणि १९५९ च्या निकॉन एफने या सर्व सुधारणा एका दणकट देहात एकत्र करून वृत्तछायाचित्रकारांच्या हाती दिल्या. फिल्मची जागा प्रकाशसंवेदी तबकडीने, म्हणजे सेन्सरने, घेण्याची कथा याहून अलीकडची आहे. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनविलेला नमुना १०० बाय १०० बिंदूंचे चित्र कॅसेटवर उतरविण्यास २३ सेकंद घेत असे; १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ३ च्या देहाला १३ लाख बिंदूंचा सेन्सर जोडून पहिला विक्रीयोग्य डिजिटल एसएलआर, म्हणजे डीएसएलआर, काढला; १९९९ मध्ये निकॉन डी१ आला; आणि २००३ मध्ये कॅननच्या ३००डीने किंमत हजार डॉलरच्या खाली आणल्यावर हे यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

या इतिहासातील एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते, आणि माझ्या मते आजच्या बहुतेक वादांचे मूळ तिच्यात आहे. फिल्मच्या काळी छायाचित्रकार दुकानातून रोल विकत घेई, त्याच वेळी त्याचे कित्येक निर्णय होऊन जात. फिल्म किती संवेदनशील, ती उन्हाच्या प्रकाशासाठी की दिव्याच्या, रंगीत की कृष्णधवल, तिचे रंग भडक की सौम्य, हे सारे त्या डबीत बंद असे, आणि छत्तीस चित्रे संपेपर्यंत त्यात फेरबदल करण्याची मुभा नसे. डिजिटल कॅमेऱ्याने ही डबी फोडली. जे निर्णय एका रोलसाठी एकदाच घ्यावयाचे ते आता प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्रपणे घेता येतात, आणि घेता येतात म्हणजे कोणीतरी घ्यावे लागतात. ते माणसाने घ्यावेत की यंत्राने, आणि चित्र घेतानाच घ्यावेत की घरी संगणकासमोर बसून मागाहून, या दोन प्रश्नांभोवती सेटिंगविषयीचे सगळे मतभेद घुटमळतात.

तंत्राचा वापर कोणत्या हेतूने करावा हे मात्र मराठी माणसाला नव्याने शिकण्याचे कारण नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकून गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटणाऱ्या आणि तेथील प्लेगात पत्नी व मूल गमावून तो मोडणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी, पुढे १९१२ मध्ये, वाटाण्याचे रोप उगवताना त्याची चित्रे दीर्घकाळ ठरावीक अंतराने घेऊन 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. आज अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ठरावीक अवधीने आपोआप चित्र घेण्याची जी सोय असते, तिचे काम फाळक्यांनी हाताने आणि धीराने केले होते.

प्रकाशाचा हिशेब

कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे नियमन तीन ठिकाणी होते. भिंगातील छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशा चढत्या अंकांनी मोजतात, आणि अंक एक पायरी चढला की प्रकाश निम्म्यावर येतो. शटर किती वेळ उघडे राहावे हे सेकंदाच्या अंशात सांगतात. आणि आयएसओ हा आकडा मिळालेल्या संकेताचे किती वर्धन करावे ते ठरवितो. तिन्ही एकमेकांच्या मोबदल्यात बदलता येतात, पण प्रत्येकाची किंमत निराळ्या नाण्यात चुकवावी लागते. छिद्र मोठे केले तर समोरची एकच रांग स्पष्ट आणि मागचे वऱ्हाड धूसर. शटर लांबवले तर हलणारा हात पुसट. आयएसओ वाढवला तर चित्रात रवाळपणा, म्हणजे व्यवहारात ज्याला नॉइज म्हणतात तो.

खानदेशातील लग्ने पूर्वापार गोरज मुहूर्तावर लागत आली आहेत आणि सचिन आणि सुरतेतील पांडेसराकडेही ती प्रथा पुष्कळांनी जपली आहे. ती जपणाऱ्यांना कल्पना नसेल, पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही दिवसातील सर्वांत अवघड वेळ होय. मंगलाष्टके सुरू होताना एफ २.८, सेकंदाचा १२५ वा भाग आणि आयएसओ ४०० ही जुळणी बरोबर असली, तर टाळी लागेपर्यंत उजेड एक चतुर्थांशावर येतो, आणि मग एकतर आयएसओ १६०० वर न्यावा लागतो किंवा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत लांबवावे लागते. दरम्यान मांडवातील दिवे लागतात आणि रंगांचाही ठिकाणा राहत नाही. अशा वेळी यंत्राला किती मुखत्यारी द्यावी, याविषयी तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो की कॅमेरा सदैव एम, म्हणजे मॅन्युअल, या मोडवर असावा. यंत्र दृश्य पाहते, पण त्यातील माणूस पाहत नाही. नवरदेवाच्या मागे हॅलोजनचा दिवा आला की ते घाबरून चेहरा काळा करते. आणि ज्या माणसाने तिन्ही आकडे स्वतः फिरविले आहेत त्यालाच चूक कुठे झाली ते कळते. दुसरा पक्ष छिद्र किंवा शटर यांपैकी एकच आपल्या हाती ठेवून उरलेले यंत्रावर सोडतो. निकॉनवर ए आणि एस, कॅननवर एव्ही आणि टीव्ही या अक्षरांनी दर्शविलेले हे मोड वापरणाऱ्यांचे म्हणणे असे, की ज्या गोष्टीचा चित्राच्या अर्थाशी संबंध आहे ती माणसाने ठरवावी आणि जी केवळ बेरीज-वजाबाकी आहे ती यंत्राने करावी, कारण तेवढे गणित ते माणसापेक्षा जलद करते. तिसरा पक्ष अलीकडे वाढीस लागला आहे: मोड मॅन्युअल, छिद्र व शटर स्थिर, आणि आयएसओ मात्र स्वयंचलित. कवायती मॅन्युअलवाद्यांना हे बंड वाटते आणि स्वयंचलितवाद्यांना अर्धवट माघार. पण लग्नात काम करणाऱ्यांच्या हाती मला ही जुळणी वारंवार दिसते आणि तिचे समर्थन समजण्यासारखे आहे: छिद्र आणि शटर यांचा ठसा चित्रावर कायमचा राहतो, मागाहून पुसता येत नाही; आयएसओचा बराचसा परिणाम नंतर सुधारता येतो.

या शेवटच्या विधानाभोवतीही एक उपवाद आहे. जुन्या छायाचित्रकारांची शिकवण अशी, की आयएसओ शक्य तितका खाली ठेवावा, नाहीतर चित्र नासते. नवे अभ्यासक सांगतात की रवाळपणा मुख्यतः प्रकाशाच्या टंचाईमुळे येतो, वर्धनाने तो फक्त दिसू लागतो. प्रकाश कणाकणाने येतो, आणि तो चौथ्या भागावर आला की संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण निम्म्यावर उतरते. हा निसर्गाचा कायदा असून बटण फिरवून तो चुकविता येत नाही. अलीकडच्या कित्येक सेन्सरांत तर कमी आयएसओवर काळपट घेतलेले चित्र संगणकावर उजळवले काय किंवा प्रारंभीच आयएसओ वाढवून घेतले काय, फरक नगण्य पडतो. हे सर्व कॅमेऱ्यांना सारखे लागू नाही, आणि म्हणून जुनी शिकवण सरसकट खोटी ठरविणेही धाडसाचे होईल. २००७ चा निकॉन डी३ जेव्हा आयएसओ ६४०० पर्यंत विनासायास जाऊ लागला, तेव्हापासून रात्रीच्या छायाचित्रणाचा पायाच बदलला एवढे निःशंकपणे म्हणता येते. कानबाईच्या रात्री देवीसमोरच्या दिव्याच्या उजेडात, फ्लॅश न मारता, बायकांचे गाणारे चेहरे टिपता येणे ही त्याचीच फलश्रुती होय.

औद्योगिक वसाहतीत यात आणखी एक भानगड मिसळते. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा उगवतो आणि मावळतो, आणि स्वस्त एलईडी दिव्यांची गतही पुष्कळदा वेगळी नसते. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोट्याची धाव गोठवावी म्हणून कोणी सेकंदाचा पाचशेवा भाग निवडला, तर लागोपाठच्या पाच चित्रांतील एक उजळ, दुसरे मळके, तिसऱ्यावर पिवळी झाक असा प्रकार होतो. सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग घेतला तर चित्रे सारखी येतात, मात्र धोटा पुसला जातो. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये दिव्याच्या उजळ क्षणाची वाट पाहून मगच शटर सोडण्याची तजवीज केली, आणि पुढे इतरांनीही ती उचलली. यंत्राने निर्णय घ्यावा याला मॅन्युअलवाद्यांचाही आक्षेप नसावा असे हे एक ठिकाण आहे, कारण सेकंदाचा शंभरावा हिस्सा पाहण्याची शक्ती मानवी डोळ्याला नाही.

करडा रंग, पांढरे धोतर आणि काळे कापड

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक एका गृहीतावर चालतो: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे. हे करडेपण १८ टक्के परावर्तनाचे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्ष मापकांची बांधणी १२-१३ टक्क्यांच्या जवळपास असते, असा दुसरा पक्ष आहे, आणि त्यावर मोठ्या हिरिरीने लिहिले गेले आहे. व्यवहारात परिणाम एकच. पांढऱ्या धोतर-टोपीतील म्हाताऱ्यांची पंगत करडी उतरते आणि काळ्या शालूवर राख फासल्यासारखी दिसते. १९८३ पासून निकॉनने आणि त्यानंतर सर्वांनी दृश्याचे अनेक भाग पाडून मोजण्याची पद्धत रूढ केल्यावर ही चूक घटली, पण नाहीशी झाली नाही. म्हणूनच अधिक-उणे चिन्हाचे ते छोटे बटण, ज्याने यंत्राच्या मताला पायरीभर वर वा खाली ढकलता येते, माझ्या दृष्टीने संपूर्ण कॅमेऱ्यातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत उपेक्षित बटण आहे.

प्रकाशाच्या मापाहून रंगाचे माप अवघड. जुना पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विन, स्टुडिओचा टंगस्टन ३२००, दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास. डोळा हे फरक आपल्या नकळत जिरवून टाकतो, सेन्सर जिरवीत नाही, आणि म्हणून पांढरे कशाला म्हणावे हे त्याला सांगावे लागते. या व्हाइट बॅलन्सच्या बाबतीत कॅटलॉगवाल्यांत आणि लग्नवाल्यांत सरळ दोन तट आहेत. कॅटलॉगवाला करड्या पत्रिकेचे चित्र घेऊन केल्विनचा आकडा दिवसभरासाठी पक्का करतो, कारण एकाच डिझाइनच्या आठ रंगछटा आठ वेगवेगळ्या समजुतींनी उतरल्या तर व्यापार बुडतो. लग्नवाला तो स्वयंचलित ठेवतो, कारण हळदीच्या मांडवात तीन प्रकारचे दिवे एकाच वेळी जळत असताना पक्का आकडा म्हणजे पक्की चूक.

सिंथेटिक कापडाने या प्रश्नात एक चमत्कारिक भर घातली आहे. काही रंगद्रव्ये डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, आणि सेन्सरसमोरील गाळणी कमकुवत असेल तर काळे कापड जांभळट-लालसर उमटते. २००६ मध्ये लायका एम८ या महागड्या कॅमेऱ्यात (तो एसएलआर नव्हता, पण व्याधी तीच) हा दोष इतका उघडा पडला, की कंपनीला ग्राहकांना भिंगावर चढविण्याच्या गाळण्या पुरवाव्या लागल्या. दुसरी व्याधी विणीची. सेन्सरवरील बिंदूंची जाळी आणि कापडाच्या ताण्याबाण्याची जाळी एकमेकांवर पडली की कापडात नसलेले लहरींचे पट्टे चित्रात उठतात, आणि त्याला मॉअरे म्हणतात. पूर्वी सेन्सरपुढे एक लो-पास फिल्टर बसवून सूक्ष्म तपशील किंचित पसरवीत, म्हणजे लहरी उठत नसत. अधिक धारदार चित्राच्या हव्यासाने ही गाळणी काढून टाकण्याची चाल पडली: २०१२ मध्ये निकॉनने डी८०० आणि तिचा प्रभाव रद्द केलेला डी८००ई असे दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून निवड गिऱ्हाइकावर सोपविली, आणि पुढच्या वर्षीच्या डी७१०० मधून तर ती गाळणी वगळलीच. निसर्गचित्रे घेणाऱ्याने या निर्णयाचे स्वागत केले. त्याच कॅमेऱ्याने बारीक विणीची साडी टिपणाऱ्याने काय केले असेल, याचा अंदाज सचिनमध्ये राहणाऱ्यास करता येतो.

कच्चा दस्तऐवज की पक्का

आता त्या वादाकडे येतो ज्यावर सर्वाधिक शाई खर्च झाली आहे. कॅमेरा चित्र दोन रूपांत साठवू शकतो. जेपीईजी हे पक्के रूप: त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, रंग, तीव्रता आणि चमक यांचा फैसला कॅमेऱ्यानेच केलेला, फाइल लहान, लगेच पाठविण्याजोगी. रॉ हे कच्चे रूप: सेन्सरने जे मोजले ते जवळजवळ तसेच, १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांत, फाइल कितीतरी मोठी, आणि संगणकावर संस्कार केल्याखेरीज निरुपयोगी.

रॉच्या कैवाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की क्षणाच्या घाईत घेतलेला निर्णय कायमचा का करावा? व्हाइट बॅलन्स चुकला, पायरी-दोन पायऱ्यांनी चित्र काळपट आले, तरी कच्च्या मसुद्यावरून पुन्हा लिहिता येते. हा विचार डिजिटल युगानेच जन्माला घातला असेही नाही. अँसेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बसविलेली झोन पद्धती निगेटिव्ह आणि प्रिंट या दोन टप्प्यांत निर्णयांची वाटणी करीत होती, आणि आपल्याकडच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहरा 'सुधारणारे' कारागीरही तेच करीत. जेपीईजीच्या पक्षाचे उत्तर व्यवहारी आहे. एका लग्नात दोन-तीन हजार चित्रे निघतात. प्रत्येकावर संस्कार करावयाचा म्हटला तर पुढचे लग्न हातून जाते. आणि ज्याला मागाहून दुरुस्तीची खात्री असते तो जागेवर काळजी घेईनासा होतो. शेवटचा मुद्दा नैतिक स्वरूपाचा आहे आणि तो सिद्ध करणे कठीण. परंतु मेमरी कार्ड भरभरून आणणारे आणि 'एडिटिंगमध्ये होऊन जाईल' म्हणणारे तरुण पाहिले की त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही.

या वादाला सत्यासत्यतेची बाजू मिळाली ती वृत्तछायाचित्रणात. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळविले, की रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नयेत, कॅमेऱ्यातच तयार झालेली जेपीईजी पाठवावीत. वेग आणि सचोटी ही दोन कारणे त्यामागे होती. उलट त्याच सुमारास वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने अंतिम टप्प्याजवळ पोहोचलेल्या चित्रांची मूळ रॉ फाइलशी पडताळणी करून, २०१५ च्या स्पर्धेत उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के चित्रे फेरफाराच्या कारणावरून बाद केली. एका दप्तरात रॉ हा लबाडीचा दरवाजा ठरतो आणि दुसऱ्या दप्तरात तोच खरेपणाचा दाखला. मला यात विसंगती दिसत नाही. पहिल्या ठिकाणी रॉवरून काय बनविले गेले याची भीती आहे. दुसऱ्या ठिकाणी रॉ जपून ठेवला आहे की नाही याची चौकशी आहे. दोन्ही रूपे एकाच वेळी साठविण्याची सोय बहुतेक डीएसएलआरमध्ये असताना हा वाद इतका लांबावा याचे कारण तंत्रात शोधून सापडणार नाही.

फोकस आणि बिंदूंची संख्या

फोकसविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने स्वयंचलित फोकस एसएलआरच्या देहात आणल्यावर हाताने फोकस करावा असे म्हणणारे हळूहळू विरळ झाले. उरलेला मतभेद शटरचे बटण अर्धे दाबून फोकस करावा की अंगठ्याखालच्या मागील बटणाने, एवढ्यापुरता आहे, आणि तो बराचसा सवयीचा आहे. एक दोष मात्र डीएसएलआरला जन्मतःच चिकटलेला आहे. त्यात फोकस मोजणारे उपकरण सेन्सरहून वेगळ्या जागी, आरशांच्या खाली असते, आणि दोन्ही अंतरांत केसाएवढा फरक पडला तर डोळ्यांऐवजी कानाची पाळी स्पष्ट येते. त्यासाठी प्रत्येक भिंगागणिक सूक्ष्म दुरुस्तीचे सेटिंग काही कॅमेऱ्यांत दिलेले असते, परंतु ते वापरणारे थोडे.

मेगापिक्सेलची शर्यतही आता थंडावल्यासारखी वाटते. ए-४ आकाराच्या पानाची उत्तम छपाई ३०० बिंदू प्रति इंच या हिशेबाने सुमारे ८७ लाख बिंदूंत भागते. २०१५ च्या कॅनन ५डीएसमध्ये ते ५ कोटींवर गेले. कॅटलॉगसाठी साडीचा काठ कापून मोठा करून दाखवावयाचा असल्यास त्यांचा उपयोग आहे. व्हॉट्सॲपवर आकुंचन पावून जाणाऱ्या चित्राला तो नाही.

आरसा राहणार की जाणार

२००८ या एका वर्षात डीएसएलआरच्या उत्कर्षाचे आणि अस्ताचे, दोन्हींचे बीज पेरले गेले. ऑगस्टमध्ये निकॉन डी९० ने आणि सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या कॅनन ५डी मार्क २ ने या यंत्रात चलच्चित्रणाची सोय आणली, आणि अल्प भांडवलावर चित्रपटासारखी दृश्ये घेता येऊ लागल्याने लग्नाच्या व्हिडिओपासून अहिराणी गाण्यांपर्यंत सर्वांचे रूप बदलले. (अशा कॅमेऱ्यांतील चित्रण पुष्कळदा २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबे, त्याचे एक कारण युरोपातील जकात होती, तेथे अर्धा तास चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्याच्या सदरात पडे आणि त्यावर कर अधिक बसे.) परंतु चलच्चित्रण करताना आरसा वर उचलूनच धरावा लागतो, आणि मग तो हवाच कशाला, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याच वर्षी पॅनासॉनिक जी१ आरशाविना बाजारात आला. २०१३ मध्ये सोनी ए७ आणि २०१८ मध्ये निकॉन झेड व कॅनन आर यांनी मोठ्या सेन्सरनिशी तीच वाट धरली. २०१२ मध्ये जपानी उत्पादकांनी दीड कोटीहून अधिक एसएलआर बाहेर पाठविले होते. २०२० मध्ये आरशाविना, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांची संख्या त्या वर्षीच्या एसएलआरच्या पुढे गेली.

मिररलेसचे पक्षपाती म्हणतात की सेटिंगचा निम्मा वाद आता निरर्थक झाला, कारण चित्र कसे येणार ते बटण दाबण्यापूर्वीच नेत्रिकेत दिसते, फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने सूक्ष्म दुरुस्तीची गरज उरत नाही, आणि यंत्र माणसाचा डोळा स्वतः हुडकते. डीएसएलआरचे पक्षपाती उत्तर देतात की आरशातून दिसते ते प्रत्यक्ष दृश्य, पडद्यावरचे नव्हे. आणि बॅटरीचा हिशेब करून पाहा: प्रमाणित चाचणीत निकॉन डी८५० एका भारणीत १,८४० चित्रे देतो, तर त्याचा मिररलेस सोयरा झेड७ केवळ ३३०. हळदीपासून पाठवणीपर्यंत उभे राहणाऱ्यास हा आकडा गौण नाही. शिवाय नवे यंत्र म्हणजे नवी भिंगे, आणि जुनी भिंगे ही पुष्कळांची आयुष्याची ठेव असते. कॅननने जानेवारी २०२० मध्ये १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनने त्याच वर्षी डी६ काढला. त्यानंतर या दोन्ही घराण्यांतून त्या दर्जाचा आरसावाला कॅमेरा आलेला नाही. पेंटॅक्सने मात्र आरशाची परंपरा सोडलेली नाही. २०२३ मध्ये त्याने केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा एक एसएलआर काढण्याची हिंमत दाखविली.

जे अद्याप ठरलेले नाही

इतका प्रवास करूनही काही मुद्दे जागच्या जागी आहेत. नवशिक्याला प्रथम मॅन्युअल शिकवावे की अर्धस्वयंचलित मोडवर सोडून चित्राकडे पाहावयास शिकवावे, याविषयी शिकविणाऱ्यांत एकमत नाही. रवाळपणा काढून टाकणाऱ्या नव्या संगणकप्रणाली जे तपशील परत आणतात ते खरोखर तेथे होते की प्रणालीने कल्पिलेले आहेत, हे चित्र पाहून सांगता येत नाही. आणि मोबाइल फोन तर एका बोटाच्या स्पर्शात अनेक चित्रे जोडून स्वतःच एक चित्र ठरवितो, तेव्हा सेटिंग या शब्दाचा अर्थच पालटतो. मागाहूनच्या दुरुस्तीला मर्यादा घालावी हे सर्वांना मान्य आहे. ती कोठे घालावी हे वृत्तपत्राने एक, स्पर्धेने दुसरे आणि नवरीच्या आईने तिसरेच ठरविलेले आहे.

आणि रंगाचा प्रश्न तर अजून साक्षीदाराच्या शोधात आहे. औद्योगिक वसाहतीतून जाणाऱ्या एका साडीचे चित्र घेताना मी एकदा शेजारी बसलो होतो. करड्या पत्रिकेवर व्हाइट बॅलन्स बांधला, दोन्ही बाजूंचे दिवे एकाच जातीचे ठेवले, संगणकाच्या पडद्याचे माप तपासले, आणि रामा रंग रामाच उतरला याची खात्री मालकाने साडी पडद्याला लावून करून घेतली. आठ दिवसांनी साडी परत आली. गिऱ्हाइकाची तक्रार अशी, की चित्रात ती मोरपिशी दिसत होती. मालकाने ते चित्र आपल्या फोनवर उघडले तेव्हा ते रामा होते, त्याच्या मुलाच्या फोनवर ते थोडे निळ्याकडे झुकले, आणि दारात उन्हात उभे राहून साडीच पाहिली तर ती या दोहोंसारखीही नव्हती. छायाचित्रकाराने कॅमेरा पिशवीत घातला आणि पुढच्या गठ्ठ्याची घडी उलगडावयास सांगितली.